शाळा सुटल्यावर मुलाचे पुढे काय होते?

पेरणी पाहून पिकाचा उतारा कोणी सांगत नाही. बी किती पडले एवढ्यावरून जो धान्याचे माप सांगू लागेल, त्यास गावची पोरेही हसतील. उगवण, कोळपणी, फुलोरा, कणीस आणि शेवटी खळे, इतके टप्पे पाहिल्यावाचून रास किती झाली हे कळत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण सर्वजण पेरणीपाशीच थांबतो. नाव घातले, पट भरला, दाखला हाती आला, की काम झाले. शाळा सोडून दहा वर्षे लोटल्यावर तोच मुलगा काय वाचू शकतो, कोणता हिशेब करू शकतो आणि पोट कशावर भरतो, याची नोंद गावात कोठेच नसते.

हा प्रश्न नवा नव्हे. हार्टॉग समितीने १९२९ सालच्या अहवालात एक साधा हिशेब मांडला होता. १९२२-२३ साली पहिलीच्या वर्गात असलेल्या दर शंभर मुलामुलींमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ आढळली. बाकीची काही मागे रेंगाळली, काही शाळा सोडून गेली. जी गेली, त्यांस शिकलेले अक्षर तरी उरले काय? या प्रश्नाचा शोध पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी सातारा जिल्ह्यात घेतला व त्याचा अहवाल १९४५ साली प्रसिद्ध झाला. शाळेचा पट न मोजता, शाळा सोडलेल्या माणसाची साक्षरता टिकली की विसरली गेली, हे पाहण्याचा तो प्रयत्न होता. प्रश्न विचारला गेला तो शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात, हे आपण ध्यानात ठेवावे.

आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. जमिनीचा सातबारा उपयोगी पडतो तो एका वर्षाच्या नोंदीमुळे नव्हे. एकाच गटाची नोंद वर्षानुवर्षे चालत येते, पीक बदलले तर बारा नंबरात दिसते, हक्क बदलला तर फेरफार पडतो, म्हणून त्यास किंमत. एका वर्षाची पाहणीही उपयोगाची असते, नाही असे नाही. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीने २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची परीक्षा घेतली. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास दुसरीच्या पुस्तकातील उतारा आपल्या भाषेत नीट वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येस एका अंकाने भागण्याचे गणित ४३ टक्क्यांनाच जमले. पण ही मुले पंचविशीत कोठे असतील, हे एका वेळच्या पाहणीतून कळणार नाही. त्यासाठी त्याच मुलाकडे पुनः पुनः जावे लागते.

शेतकऱ्यांच्या घरांची अशी नोंद आपल्याच राज्यात झालेली आहे. हैदराबादेजवळील इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५ साली सहा गावे निवडली. त्यांपैकी शिरापूर व कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील, आणि कांझरा व किनखेड ही अकोला जिल्ह्यातील होत. प्रत्येक गावी ४० घरे, त्यांत जमीनवाले ३० व मजूर १०. पाहणीदार गावातच राहत आणि ठरावीक दिवसांनी त्याच घरी जाऊन शेती, मजुरी, कर्ज, खाणेपिणे यांची टिपणे घेत. दहा वर्षांनी हे काम थांबले, ते २००१ पासून पुन्हा हाती घेण्यात आले. तेव्हाची लहान मुले आता स्वतः घरे चालवू लागली होती, आणि गाव सोडून गेलेल्यांचाही पुढे माग काढण्यात आला.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वडाळ्याचेच पाहा. एके काळी मिठागरांचे असलेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गाजलेले हे ठिकाण. येथील विठ्ठलाच्या देवळात आषाढीस मोठी रीघ लागते. त्या रांगेत घाटावरून व कोकणातून येऊन मुंबईत राहिलेली किती तरी तरुण मुले असतात. गावच्या लेखी ती ‘मुंबईस गेली’ एवढीच नोंद. कोण गोदीत लागला, कोण गाडी चालवतो, कोण पदवी घेऊन बसून आहे, हे गावास ठाऊक नसते. आणि पुढचा बाप यशस्वी झालेल्या एखाद्याच मुलाकडे पाहून शेताचा तुकडा विकतो.

वडाळ्याच्या शेजारी दादर येथे काइवान मुन्शी व मार्क रोझेन्झवाईग या अभ्यासकांनी सुमारे ५,००० मराठी कुटुंबांकडून वीस वर्षांची माहिती गोळा केली व २००६ साली ती प्रसिद्ध केली. ज्या घरांत बापाने जातभाईंच्या ओळखीवर कामधंदा मिळविला होता, तेथील मुलगे मराठी शाळांतच अधिक राहिले, कारण तीच ओळख त्यांसही कामास लावील असा भरवसा होता. १९९० नंतर मात्र इंग्रजी जाणणाऱ्याच्या पगाराची वाढ अधिक झाली. मुलींसाठी ओळखीची अशी वाट नव्हतीच. त्या झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या. मराठी शाळा सोडा, असा आमचा अर्थ नाही. जुन्या वाटेचा भरवसा केव्हा उणा झाला, हे अनेक वर्षांच्या नोंदीवाचून उमगत नाही, एवढाच अर्थ.

विलायतेत १९५८ सालच्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७,००० मुलांचा माग आजतागायत ठेवला आहे. त्यांपैकी काहींची ३७ व्या वर्षी वाचन व गणिताची परीक्षा घेतली. दीर्घकाळ बेकार राहिलेल्यांची, विशेषतः मुळात कच्चे असलेल्यांची, आकडेमोड आणखी गंजली असे दिसले. पडीक रानात हरळी माजते, तसेच हे.

आमची सूचना खर्चाची नाही. प्रत्येक गावच्या सोसायटीने एक वही घालावी. या वर्षी शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे नाव तीत लिहावे आणि दर पाडव्यास चार गोष्टी भराव्यात: मुक्काम कोठे, शिक्षण कोणते, काम काय, आणि मिळकत नियमित की अनियमित. जे गावी आहेत त्यांजकडून खताच्या पिशवीवरील सूचना वाचून घ्यावी व पीककर्जाच्या व्याजाचे एक गणित सोडवून घ्यावे. सासरी गेलेल्या मुलींची व मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलांची नावे खोडू नयेत. वही निरुपयोगी होते ती तेथेच. भरण्यापूर्वी ज्याची नोंद त्याची संमती घ्यावी, आणि एकट्याची माहिती चारचौघांत वाचू नये. सभेपुढे केवळ बेरजा मांडाव्यात.

पाच वर्षांत या वहीवरून कोणत्या शिक्षणास कोणते काम लागते हे आपल्याच गावापुरते स्पष्ट दिसू लागेल, आणि फीसाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी बापास विचारावयास एक जागा होईल. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.