गावांनी जपलेली नर्मदा परिक्रमेची वाट

शहपुरा (जबलपूर) : जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या प्रवाशांना शहपुरा आणि तेथील भिटौनी रेल्वेस्थानक परिचित आहे. मात्र या परिसरातील नर्मदाकाठाची पायवाट रेल्वेपेक्षा कितीतरी जुनी आहे. ही वाट नर्मदा परिक्रमेची असून महाराष्ट्रातूनही अनेक भाविक तिच्यावर चालतात.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम. त्यामुळे अमरकंटकहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जातो, मुखाशी नावेतून पलीकडे पोहोचतो आणि उत्तर तटाने परततो. उत्तर तटावरील भेडाघाट व जबलपूर त्याला परतीच्या वाटेवर लागतात. परंपरेनुसार परिक्रमेचा अवधी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा असून चातुर्मासात चालणे थांबवून एके ठिकाणी मुक्काम केला जातो.

अमेरिकेने १९७८ मध्ये ओरेगॉन आणि मॉर्मन वसाहतकारांच्या वाटांना कायद्याने राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गांचा दर्जा दिला. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गाचा १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नर्मदेची वाट मात्र काठावरच्या गावांनी टिकवली. देवळात किंवा धर्मशाळेत निवारा आणि सदावर्तात मिळणारा शिधा, हाच या वाटेचा आधार.

धरणांमुळे या आधाराला धक्का बसला. जबलपूरच्या वरच्या अंगाला असलेले बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले, तर २०१७ मध्ये सरदार सरोवराचे लोकार्पण झाले. नंदुरबार जिल्ह्यातील काठासह शूलपाणी झाडीचा मोठा भाग जलाशयात गेला. जुनी वाट बुडाल्याने परिक्रमावासीयांना दूरच्या रस्त्यांचा वळसा घ्यावा लागतो. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून टप्प्याटप्प्याने परिक्रमा केली. बुडण्यापूर्वीच्या काठाचे चित्रण त्यांच्या लेखनात व रेखाटनांत उरले आहे.

भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. त्यामुळे संगमरवरी कड्यांकडे लक्ष वेधले गेले. पण परिक्रमेची वाट एका स्थळापुरती नाही. आज अनेकजण वाहनाने किंवा सायकलनेही परिक्रमा करतात. त्यांच्यासाठी पक्का रस्ता पुरेसा असतो. पायी चालणाऱ्याला मात्र दर मुक्कामी दार उघडणारे गाव लागते. म्हणूनच या वाटेच्या जतनाचा विचार काठावरच्या गावांना वगळून करता येणार नाही.