नोकर की कामगार? सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या जागतिक महासंघाची वाटचाल

१९०७ च्या ऑगस्टमधील स्टुटगार्ट आपल्याला आठवते ते मादाम कामांमुळे. आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी भारताचा ध्वज फडकविला, तो याच जर्मन शहरात. त्याच महिन्यात तेथे आणखी एक बैठक भरली होती. तिची आठवण मात्र आपल्याकडे फारशी निघत नाही. युरोपातील मोजक्या देशांचे पालिका कामगार आणि गॅस, वीज व पाणीपुरवठा केंद्रांवर राबणाऱ्यांचे प्रतिनिधी तीत एकत्र आले आणि त्यांनी एक आंतरराष्ट्रीय सचिवालय स्थापन केले. आज ‘पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महासंघाचे मूळ ते हेच.

पहिल्या महायुद्धाने हे संबंध तोडले. १९१९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये ते पुन्हा जोडले गेले. १९३३ मध्ये नाझींनी जर्मन कामगार संघटना चिरडल्या आणि महासंघाचा एक मोठा आधार गेला. तरीही त्याच दशकात कार्यालयीन सरकारी नोकरांचा आंतरराष्ट्रीय संघ त्यात विलीन झाला. गटारे उपसणारा आणि टेबलामागे बसून फायली हाताळणारा हे दोघे एका छत्राखाली आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

महासंघापुढील मूळ प्रश्न आजही तोच आहे. ज्याचा मालक खुद्द शासन आहे, त्याने वाटाघाटी कोणाशी करायच्या? कायदा करणारा आणि पगार ठरविणारा पक्ष येथे एकच असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा संघटना-स्वातंत्र्याविषयीचा १९४८ चा ८७ वा करार सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू होतो. लष्कर व पोलीस यांच्याबाबत मात्र निर्णय त्या त्या देशावर सोपविलेला आहे. सामूहिक वाटाघाटींविषयीच्या १९४९ च्या ९८ व्या करारातून मात्र राज्यकारभारातील अधिकारी-कर्मचारी वगळले गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७८ मध्ये १५१ वा करार संमत झाला. संघटनेत सामील झाल्याबद्दल कर्मचाऱ्याचा छळ होऊ नये आणि सेवाशर्ती ठरविताना त्याच्या प्रतिनिधींना स्थान असावे, हे त्याचे सार. संपाचा हक्क त्यातही स्पष्ट शब्दांत नाही.

जिनिव्हालगतच्या फ्रान्समधील फर्ने-व्होल्तेर या गावी महासंघाचे मुख्यालय आहे. तेथून या करारांबरोबरच पाणी व आरोग्य सेवांच्या खासगीकरणाविरुद्धही मोहिमा चालतात.

भारताने या तिन्ही करारांना अद्याप मान्यता दिलेली नाही. ८७ आणि ९८ व्या करारांबाबत, सरकारी सेवकांवरील नियमांची बंधने त्यांच्याशी जुळत नाहीत, असे कारण शासनाकडून दिले जाते. २००३ मध्ये तमिळनाडूत संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ करण्यात आले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असे म्हटले. बहुतेकांना पुढे कामावर परत घेतले गेले, पण माफी आणि हमी लिहून दिल्यानंतरच.