सभेत हात वर करण्यापूर्वी



समजा, वरवे बुद्रुकच्या देवळात सामाईक उपसा सिंचन योजनेची बैठक भरली आहे. वडीलधारे अण्णा पहिल्यांदा म्हणतात, "योजना झालीच पाहिजे." दुसरा म्हणतो, "अण्णा म्हणत्यात ते खरंय." तिसरा मान डोलावतो. ठराव एकमताने मंजूर! घरी जाताना मात्र एकजण पुटपुटतो, "उन्हाळ्यात पाणी पुरंल का, हे इचारायचंच राहिलं." कर्जाचा बोजा तर सगळ्यांच्याच सात-बारावर चढायचा असतो.

असे का होते? एक म्हणजे भीड. पाचजण एकच बोलले की आपण ती पाच मते धरतो. खरे पाहता ते एकाच मताचे पाच पडसाद असतात. दुसरे, जे सर्वांना ठाऊक तेच पुन्हा पुन्हा बोलले जाते, आणि जे एकट्यालाच ठाऊक ते त्याच्या पोटातच राहते.

याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. सातजण बसवा. सर्वांच्या चिठ्ठीवर लिहा : 'पाणी आले तर एकरी टनेज वाढेल.' तिघांच्या चिठ्ठीवर आणखी एकेक ओळ घाला : 'मे महिन्यात पात्र कोरडे पडते', 'विजेचे बिल उसाच्या पैशाआधी भरावे लागेल', 'वरच्या शेतांना पाणी चढणार नाही'. वडीलधाऱ्याला आधी बोलू द्या आणि हात मोजा. मग दुसऱ्या सातजणांना त्याच चिठ्ठ्या द्या. पण प्रत्येकाने आपले मत व एक शंका आधी कागदावर लिहायची, तरुणाने आधी बोलायचे, वडीलधाऱ्याने शेवटी. पुन्हा हात मोजा. निकालात फरक पडला, तर तो चर्चेच्या रीतीमुळे असण्याचाच संभव अधिक. कारण माहिती तीच होती.

अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांचा असा प्रयोग १९५१ साली प्रसिद्ध झाला. रेघांची लांबी ओळखायची होती. आधीच ठरवून ठेवलेली माणसे चुकीचे उत्तर देत, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश उत्तरे त्यांच्याच मागे गेली. पण एकाने जरी खरे सांगितले, तरी हे प्रमाण एकदम खाली आले. म्हणून सभेत शंका विचारणारा हा खोडा घालणारा नव्हे. तो इतरांचे तोंड मोकळे करतो.

आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ही गोष्ट रीतीत बसवली. तेथे विषयाचा खल अभ्यासगटात होतो, निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तो सर्वसंमतीने. एकाचीही हरकत असली तर विषय पुन्हा चर्चेला येतो. याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

सहकारात शेअर कमी असोत की जास्त, मत एकच. ते दुसऱ्याच्या तोंडाने दिले तर असून नसल्यासारखेच. म्हणून पुढल्या बैठकीत पाणीपाळी असो, उसाची जात असो वा कर्ज, आधी चिठ्ठी लिहा, शंका वाचून घ्या आणि मगच हात वर करा. कोऱ्या चिठ्ठ्या लागल्यास आमच्या गट ऑफिसात मागा.

— ऊस विकास विभाग