जवळ्याने काय खाल्ले? डीएनएकडून उत्तर

- जवळा: कोकण किनाऱ्यावरची इवलीशी कोळंबी, असेटस इंडिकस. लांबी साधारण २ ते ४ सेंटिमीटर. आहारात सूक्ष्म शैवाल, प्राणीप्लवक, कुजके सेंद्रिय कण.
- सूक्ष्मदर्शकाची मर्यादा: पोटातले अन्न भुगा झालेले. मऊ शरीराच्या भक्ष्याची खूणही उरत नाही.
- डीएनए पद्धत: पोटातल्या अन्नातून डीएनए वेगळा करतात. पीसीआरने (१९८३, कॅरी म्युलिस) ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात, क्रम वाचतात, ज्ञात जातींच्या संग्रहाशी ताडतात. संग्रहात नसलेली जात ओळखता येत नाही.
- बारकोड (जात ओळखायचा डीएनएचा ठरावीक तुकडा): प्राण्यांसाठी सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा, २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट व सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना. पचनात डीएनए तुटतो, म्हणून आहाराच्या अभ्यासात बरेचदा याहून आखूड तुकडे. शैवालांसाठी १८एस जनुक.
- मोठी अडचण: नमुन्यात खाणाऱ्याचाच डीएनए सर्वाधिक. त्याच्या प्रती रोखणारे खास रेणू मिसळतात.
- हे कळत नाही: भक्ष्य जिवंत होते की मेलेले, अंडे होते की पिल्लू, आपल्याच जातीचे खाल्ले का, नेमके किती खाल्ले. भक्ष्याच्या पोटातले अन्नही यादीत शिरते.
- नमुने: गोठवून किंवा तीव्र अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिनने डीएनए खराब होतो.