कागदी अग्निबाणाचे उड्डाण : छंद, विज्ञान आणि शिस्त

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना स्वतःचा अग्निबाण उडविण्याच्या कल्पनेने झपाटून टाकले. घराच्या तळघरात किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये ही मुले धातूच्या नळीत आगकाड्यांची गुले अथवा जस्त व गंधक यांची भुकटी ठासून भरीत. पुष्कळदा अशी नळी उडण्याऐवजी हातातच फुटे. कित्येक मुले जखमी झाली, काहींना प्राणही गमवावे लागले. मुलांच्या जिज्ञासेवर बंदी घालावी, की तिला सुरक्षित वाट करून द्यावी, असा प्रश्न पालकांपुढे व शिक्षकांपुढे उभा राहिला. नमुना अग्निबाणाचा संच हे या प्रश्नाचे उत्तर होय.

एका पादत्राणे विक्रेत्याची कल्पना

हे उत्तर काही अंशी आधीच तयार होते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाचेही ते जाणकार होते. १९५४ मध्ये त्यांनी आपले बंधू रॉबर्ट यांच्यासाठी कागद व हलके लाकूड यांचा एक छोटा अग्निबाण तयार केला. वर गेल्यावर त्यातून हवाई छत्री उघडे आणि तो अलगद खाली येई. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या अग्निबाण चाचणी केंद्रात काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांना कार्लाइल यांनी १९५७ मध्ये आपले नमुने पाठविले. स्टाइन यांनी या कल्पनेचे महत्त्व ओळखून तिचा प्रसार केला व सुरक्षिततेचे नियम घालून दिले. पुढे व्हर्नन एस्टिस यांनी या अग्निबाणांच्या मोटरी एकसारख्या भरणारे स्वयंचलित यंत्र तयार केले.

या व्यवस्थेचे मर्म श्रमविभागणीत आहे. दारू ठासण्याचे धोक्याचे काम कारखान्याने करावे. मुलांनी केवळ अग्निबाणाची बांधणी, उड्डाण आणि निरीक्षण करावे, अशी ही विभागणी आहे.

मोटरीची अंतर्रचना

नवशिक्यासाठी वापरली जाणारी मोटर सुमारे ७ सें.मी. लांब व १८ मि.मी. व्यासाची जाड कागदी नळी असते. तिच्या खालच्या टोकास चिकणमातीचे अरुंद तोंड असते. त्याच्या वर बंदुकीच्या दारूचा घट्ट दाबलेला थर असतो. हा थर सेकंदाच्या आसपास जळून संपतो. जळताना निर्माण होणारे वायू तोंडातून वेगाने खाली फेकले जातात आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार अग्निबाणास वर रेटा मिळतो. त्यानंतर रेटा न देता सावकाश जळणारा थर पेटतो. या काळात अग्निबाण केवळ मिळालेल्या वेगाने वर जात राहतो. शेवटी दारूचा एक लहानसा थर वरच्या दिशेने उडतो, अग्निबाणाचे टोक बाहेर ढकलतो आणि छत्री मोकळी करतो.

मोटरीवर 'बी ६-४' अशी खूण छापलेली असते. अक्षरावरून मोटरीची एकूण शक्ती कळते. 'ए' गटाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, 'बी'ची ५, तर 'सी'ची १० असते. म्हणजेच प्रत्येक पुढच्या अक्षरास मर्यादा दुप्पट होते. ६ हा आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये दर्शवितो, तर ४ हा आकडा छत्री उघडण्यापूर्वी जाणारे सेकंद सांगतो. मोटर एकदाच वापरावयाची असते. तिच्यात पुन्हा दारू भरणे सर्वथा निषिद्ध मानले जाते.

बांधणी

एस्टिस यांच्या कंपनीचा 'अल्फा' हा संच अनेक वर्षे नवशिक्यांच्या हाती दिला जात आला आहे. हा अग्निबाण सुमारे ३१ सें.मी. लांब, २५ मि.मी. जाड आणि वजनाने अवघा २३ ग्रॅमच्या आसपास असतो. पुठ्ठ्याची नळी, निमुळते टोक, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे पंख, रबरी दोरी आणि प्लॅस्टिकची छत्री ही त्याची मुख्य अंगे होत. धातूचे जड भाग वापरावयाचे नाहीत, हा पहिला नियम. एखादे उड्डाण फसले तरी खाली येणारी वस्तू हलकी व मोडणारी असावी, हा त्यामागील हेतू आहे.

पंख कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढील कडेस समांतर ठेवाव्या लागतात. अन्यथा पंख उड्डाणात मोडतो. कडा पॉलिश पेपरने घासून गोलसर केल्या म्हणजे हवेचा विरोध कमी होतो. पंख नळीवर समान अंतरावर व अगदी सरळ चिकटवावे लागतात. छत्री आत ठेवण्यापूर्वी तिच्याखाली न पेटणाऱ्या खास कागदाचे बोळे घालतात. नाहीतर उष्ण वायूंनी छत्री वितळून जाते.

तोल कसा पारखावा

बाणाच्या मागील पिसांप्रमाणेच पंख अग्निबाणास सरळ ठेवतात. अग्निबाणाचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूस, असला पाहिजे. मोटर बसविल्यानंतर अग्निबाणाच्या गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून तो डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरला तर तोल योग्य आहे. तो गरगरू लागल्यास टोकात थोडे वजन घालावे किंवा पंख मोठे करावेत.

मैदानावर

अग्निबाण एका उभ्या सळईवरून सोडतात. त्याला चिकटविलेली छोटी नळी या सळईवर सरकते आणि पुरेसा वेग येईपर्यंत त्यास दिशा देते. ज्वाला जमिनीवर पडू नये म्हणून सळईच्या तळाशी पत्रा असतो. भोवतालचे सुके गवत काढलेले असावे. मोटर काडीने किंवा वातीने कधीही पेटवीत नाहीत. किमान ५ मीटर अंतरावर उभे राहून विजेच्या बटणाने ती पेटवितात. 'बी' मोटरीसाठी सुमारे ६० मीटर, तर 'सी'साठी १२० मीटर लांबीरुंदीचे मोकळे मैदान आवश्यक मानले जाते. वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरहून अधिक असल्यास उड्डाण करीत नाहीत. मोटर पेटली नाही तर बटणाची किल्ली काढून घ्यावी आणि ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. विजेच्या तारांत अडकलेला अग्निबाण तेथेच सोडून द्यावा.

गणिताचाही येथे उपयोग होतो. सळईपासून १०० मीटरवर उभे राहून सर्वोच्च बिंदूचा कोन मोजावा. तो ४५ अंश भरला तर अग्निबाण निरीक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीपासून १०० मीटर उंच गेला, असे समजावे.

आपल्याकडील पालकांसाठी

भारतात दारू भरलेल्या वस्तूंची निर्मिती, साठवण, वाहतूक व आयात यांवर १८८४ च्या विस्फोटक अधिनियमाचे व २००८ च्या नियमांचे नियंत्रण आहे. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सबब परदेशी मोटर मागविण्यापूर्वी परवानगीची चौकशी करणे अगत्याचे ठरते. फटाक्यांतील दारू काढून नळीत भरण्याचा प्रयोग तर कोणत्याही मुलाने करता कामा नये.

शाळांना याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. सोडायुक्त शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा दाबली की पाण्याचा अग्निबाण तयार होतो. पंख, तोल व उंचीचे गणित यांचे धडे त्यातूनही मिळतात. मात्र येथेही शिक्षकाची उपस्थिती, सुरक्षित अंतर आणि मोकळे मैदान यांत सवलत नाही. हे नियम अंगवळणी पडलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत निर्धास्तपणे उभा राहू शकेल.