पेनची ढलपी का उडते?

आपल्या घरातले लाटणे, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय हे सगळे कातीव काम. सावंतवाडीची काही लाकडी खेळणीही लेथवर कातली जातात. आमचा बचत गट लेथवर लाकडी पेन बनवतो. लाकूड बाभळीचे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाभूळ बांधाबांधावर आहे. औताला आणि बैलगाडीच्या चाकाला चालणारे चिवट लाकूड पेनला का फुटेल, असे आम्हाला वाटले होते. पण फुटले.

शिक्षकदिनासाठी ४० पेनांची ऑर्डर होती. भर पावसात काम चालले होते. पेन आकाराला आले की फट्‌ आवाज व्हायचा, ढलपी उडायची आणि आतली पितळी नळी उघडी पडायची. अशी ११ पेने गेली. आम्ही बैठकीत ठरवले, जिच्या हातात पेन फुटेल तिच्या मजुरीतून साहित्याचे पैसे कापायचे. लेथवर काम करणारी मैत्रीण एकच. तिने वाद घातला नाही. फुटक्या तुकड्यांचा डबा तेवढा पुढे ठेवला आणि म्हणाली, "हे नीट बघा, मग कापा."

आम्ही बघितले. बहुतेक तुकड्यांची आतली बाजू कोरडी होती आणि नळी नव्यासारखी चकचकीत. म्हणजे गोंद धरलाच नव्हता. गोंद लावायचे काम आम्हा बाकीच्यांचे होते! पेन लेथवर फुटते, पण चूक बऱ्याचदा आधीच्या हातांनी झालेली असते. म्हणून आज सुरुवातीपासून सांगतो.

आधी पेनची रचना समजून घ्या. लाकडाच्या ठोकळीला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. बारीक पेनची नळी सात मिलिमीटरची असते. मग ठोकळी लेथवर गोल कातायची. शेवटी टोकांशी नळीवर एक मिलिमीटरही लाकूड उरत नाही. इतके पातळ लाकूड नळीला घट्ट चिकटलेले असेल तरच टिकते.

पहिले काम वाळवण्याचे. ठोकळ्या सावलीत वाळवा, टोकांना मेण लावा, म्हणजे चिरा जात नाहीत. एक ठोकळी दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन कमी व्हायचे थांबले की लाकूड वाळले. पावसाळ्यात ते पुन्हा ओल धरते, म्हणून डब्यात झाकून ठेवा.

दुसरे काम भोक पाडण्याचे. ड्रिल दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना टोक फोडते. म्हणून ठोकळी सेंटीमीटरभर लांब ठेवा, आरपार जाण्याआधी ड्रिल थांबवा आणि ते टोक करवतीने कापा, भोक आपोआप मोकळे होते. ड्रिल दाबू नका. थोडे आत, थोडे बाहेर करून भुसा काढत राहा. जळका वास आला की थांबा. त्या उष्णतेने आत बारीक चीर पडते, ती डोळ्याला दिसत नाही, नंतर लेथवर दिसते.

तिसरे काम गोंदाचे, आमचे इथेच चुकले. चकचकीत पितळावर गोंद बसत नाही. नळी आधी पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. नळीचे तोंड बटाट्याच्या कापेत दाबा, म्हणजे बूच बसते आणि गोंद आत जात नाही. दोन नळ्यांतला, मिसळून वापरायचा एपॉक्सी गोंद भोकाच्या आतही लावा आणि नळीवरही. नळी गोल फिरवत आत सरकवा आणि रात्रभर हात लावू नका. आम्ही ऑर्डरच्या घाईत दोन तासांत ठोकळ्या लेथवर चढवल्या होत्या.

चौथे काम कातण्याचे. पटाशीला धार हवी. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, उपटते. आधी ठोकळीचे चार कोपरे हलक्या हाताने काढा. टोकांजवळ घाई नको. शेवटचा थर पटाशीने न काढता पॉलिश पेपरने उतरवा. त्या वेळी पटाशीचा टेका बाजूला करा, नाहीतर बोट अडकते.

एवढे करूनही ढलपी उडाली तर आधी मशीन बंद करा. ढलपी शोधा. जमीन आधीच झाडून ठेवली असेल तर ती सापडते. फेविक्विकसारख्या गोंदाने ती जागेवर बसवा, दोरा गुंडाळा, पूर्ण वाळल्यावर पेपरने घासा. ढलपी सापडली नाही, तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खड्ड्यात दाबून वर गोंद सोडा. अगदीच मोठा तुकडा गेला तर उरलेले लाकूड कातून टाका. नळी स्वच्छ करून नव्या ठोकळीत बसते.

हा झटपट गोंद सुती कापडावर सांडला तर एकदम तापतो, चटका बसतो. म्हणून सुती हातमोजे नकोत, पदर लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ढलपी गोळीसारखी येते. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावल्याशिवाय लेथ सुरू करू नका. पदर खोचा, वर अ‍ॅप्रन घाला, केस बांधा, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या, बांगड्या काढा. पेन दुसरे होते, डोळा होत नाही.

आता आम्ही प्रत्येक ठोकळीवर नंबर टाकतो. कोणी वाळवली, कोणी भोक पाडले, कोणी नळी चिकटवली, ते वहीत लिहितो. दंडासाठी नाही. पेन फुटले की तुकडा बघायचा. नळी चकचकीत असेल तर गोंद चुकला, टोकच गेले असेल तर ड्रिल किंवा पटाशी, लांब उभी चीर असेल तर ओल किंवा उष्णता. मग ते काम सगळ्यांनी मिळून सुधारायचे.

त्या मैत्रिणीचे कापलेले पैसे आम्ही पुढच्याच बैठकीत परत दिले आणि दंडाचा ठराव रद्द केला. तुमच्या गटात पापड असोत, शिवणकाम असो की पेन, माल शेवटच्या हातात बिघडला म्हणून दोष त्या हाताचाच असतो असे नाही. दंड लावण्याआधी फुटका तुकडा एकदा हातात घेऊन बघा.