धुलाईयंत्रांतील मोटार आणि क्लच

कपडे धुण्याचें जुनें यंत्र मध्येंच थांबलें कीं, "मोटार जळाली" असा निकाल देऊन घरचीं माणसें मोकळीं होतात. निकाल पुष्कळदां खराही असतो; परंतु शेजारच्या क्लचच्या अपराधाची शिक्षा मोटारीनें भोगलेली असते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अमेरिकेंत १९४७ सालीं केनमोर व १९४८ सालीं व्हर्लपूल या नांवानें विकावयास आलेलें, वरून उघडणारें पट्ट्याचें यंत्र उदाहरणार्थ घ्यावें. अशा यंत्राच्या मोटारींत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. बारीक तारेची दुसरी गुंडाळी केवळ आरंभीं धक्का देण्यापुरती. मोटारीनें सुमारें तीन चतुर्थांश वेग घेतला कीं, केंद्रोत्सारी स्विच तिचा प्रवाह तोडतो. पुढें मोटार मिनिटास सुमारें १७२५ फेरे एकाच दिशेनें घेत राहते. सावकाश चालणें तिच्या स्वभावांतच नाहीं.

धुतांना अडचण येत नाहीं. टोपली स्थिर असते आणि मधला दांडा ताकांतल्या रवीप्रमाणें उलटसुलट फिरतो. खरा प्रसंग पिळण्याच्या वेळीं येतो. ओल्या कपड्यांनीं जड झालेली टोपली मिनिटास सुमारें ५०० फेऱ्यांवर न्यावयाची, आणि मोटार तर वेग सोडावयास तयार नाहीं! अशा वेळीं विद्युच्चुंबक कळ ओढतो, ब्रेक सुटतो, आणि क्लचची अस्तर लावलेली तबकडी फिरत्या चाकावर टेकते. ती प्रथम मुद्दाम घसरते. घसरतां घसरतां टोपलीस वेग देते. या व्यवहारांत टोपलीस जितकी गतिशक्ति मिळते, तितकीच घर्षणानें उष्णता होऊन जाते. घाई केली वा सावकाशी, हिशेब तोच.

अस्तरावर तेल गेलें तर घसरणें संपतच नाहीं व कपडे निथळतच बाहेर येतात. म्हणून कुरकुर ऐकूं येतांच तेलाची बुधली उचलणें हा उपाय नव्हे. उलट क्लच अडकून एकदम पकडूं लागला, तर मोटारीचा वेग पडतो, स्विच पुन्हां जुळतो, आणि क्षणभराच्या कामाची ती बारीक गुंडाळी सतत तापत राहते. प्रथम गुणगुण, मग जळका वास. उष्णतेनें तुटणारा रक्षक स्विच कांहीं वेळ वांचवितो. पण तो निवून जुळतांच घरचीं माणसें कळ पुन्हां दाबतात!

अमेरिकन यंत्र मुंबई-पुण्यास आणणारांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रान्स्फॉर्मरनें विजेचा दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहींत. तिकडील ६० आवर्तनांची मोटार येथील ५० आवर्तनांवर सुमारें एक षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते.

गुंडाळी बदलण्याचा खर्च करण्यापूर्वीं प्लग काढून पट्टा उतरवावा आणि जाणत्या कारागिराकडून मोटार एकटी चालवून पाहावी. ती तत्काळ वेग घेऊन नीट चालली, तर पुढचा शोध क्लच, ब्रेक आणि दंतचक्रांकडे करावयाचा.